फूड माइल्सची कार्यशाळा: मार्केट यार्ड एक नंबर, वर्गातला हिशोब अर्धाच

आमच्या सातवीसाठी बाहेरच्या एका ग्रुपला बोलावलं होतं, जेवण किती लांबून येतं आणि त्या वाहतुकीनं पर्यावरणाचं काय होतं ह्यावर. नाव देत नाही, कारण खाली जरा टोचून लिहिलंय. पोरामागे दीडशे रुपये, आधी पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डला चक्कर आणि मग वर्गात माल जिथून आला तिथून आपल्यापर्यंत नकाशावर दोरे लावायचे.

मार्केट यार्डसाठी पैसे वसूल. गाळेवाल्यांना माल कुठला विचारत पोरं सुटलीच, एकीकडे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, शेजारी अमेरिकेतलं वॉशिंग्टनचं सफरचंद. पण खरा धक्का भुसार बाजारात बसला, परदेशी म्हणजे महागडं फळ एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि इथे कळलं की रोजच्या वरणातली तूर मोझांबिक किंवा म्यानमारची असू शकते, मसूर कॅनडाची आणि वडे तळायचं पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं.

वर्गात मात्र घोळ. जेवढा दोरा लांब तेवढं ते वाईट, एवढाच नियम, माल कशातून आला ह्याचा पत्ताच नाही! एका मुलीनं विचारलं, नाशिकची द्राक्षं नेदरलँडला जातात ती पण वाईट का, तर ग्रुपच्या ताई म्हणाल्या हो, लांब ना. अहो पण ती मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातून थंड कंटेनरात जहाजानं जातात, आणि अमेरिकेला जाणारा हापूस बहुतेक विमानानं, आणि तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला विमान जहाजाच्या साधारण पन्नास पट कार्बन सोडतं. हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. दुसरं म्हणजे जगभरात अन्नामुळे तापमान वाढवणाऱ्या वायूंचं जेवढं उत्सर्जन होतं त्यात वाहतूक साधारण ६ टक्केच आहे, त्याहून कितीतरी जास्त शेतातच होतं, भातखाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, तोही तसलाच वायू, गाई रवंथ करताना सोडतात ते वेगळंच. तो विषय निघालाच नाही, पोरं घरी जाऊन आईला सफरचंद आणू नको म्हणाली आणि भाताबद्दल कोणी एक शब्द नाही.

वर्कशीट इंग्रजीत, आमची मराठी शाळा आहे हे फोनवर दोनदा सांगूनही.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही मार्केट यार्डचे. पुढच्या वर्षीही बोलवू पण वर्गातला तास मीच घेणार. आणि कोणी नेणार असाल तर रविवार टाळा, पोरं सांभाळता येत नाहीत त्या गर्दीत, बसची सोय पण शाळेलाच करावी लागते.