ज्यूद्वेषाची नोंदवही: ब्रिटनच्या सीएसटी सेवेचं परीक्षण

सीएसटी म्हटलं की मराठी वाचकाला बोरीबंदरच आठवणार. ही सीएसटी वेगळी. कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट ही ब्रिटनमधल्या ज्यू समाजाने आपल्या रक्षणासाठी उभी केलेली धर्मादाय संस्था. संस्था या रूपात आली १९९४ साली, पण ज्यूद्वेषी घटनांची नोंद १९८४पासून सलग चालू आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये आपला धर्म ज्यू असं सांगणारे २,७१,३२७ जण होते, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम अर्धा टक्का. एवढ्या समाजासाठी चोवीस तासांची फोनसेवा, दारावर उभे राहणारे प्रशिक्षित स्वयंसेवक, इमारतींसाठी सुरक्षा सल्ला आणि दरवर्षी घटनांचा अहवाल, असा हा पसारा आहे. घेणाऱ्याला यातल्या कशाचेही पैसे पडत नाहीत.

पसारा मोठा असला तरी परखायचं ते आधी नोंदवहीवरून. द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांची खरी कसोटी मोजणीत लागते. आकडा फुगवला तर वर्तमानपत्रात मथळा मिळतो आणि पुढच्या वर्षी विश्वास जातो. सीएसटी या मोहापासून बरीच लांब राहिली आहे, आणि याच कारणासाठी ही सेवा चांगली म्हणावी लागते.

एखादी घटना वहीत चढायला पुरावा लागतो. कृत्यामागचा हेतू किंवा त्यातला मजकूर ज्यूद्वेषी असल्याचं दिसलं पाहिजे, किंवा समोरचा ज्यू आहे म्हणून, निदान तसं समजून, त्याला लक्ष्य केल्याचं दिसलं पाहिजे. मार खाणारा ज्यू होता एवढ्याने भागत नाही. समजा सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, काच फुटली. दगड कोणी मारला, काय ओरडला, शेजारच्या दुकानांच्याही काचा फुटल्या का, यातलं काहीच कळलं नाही तर ती ज्यूद्वेषी घटना म्हणून मोजली जात नाही. पोलिसांची पद्धत याच्या उलट आहे. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या वंशद्वेषी खुनाच्या चौकशीनंतर १९९९ साली मॅकफर्सन अहवालाने व्याख्या दिली, की पीडिताला किंवा इतर कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते ती वंशद्वेषी म्हणून नोंदवावी. त्यामागचं कारण रास्तच होतं, पोलिसांनी तक्रार आधी ऐकून घ्यावी म्हणून. पण वार्षिक आकडा काढायला हा निकष सैल पडतो. त्यामुळे एकच तक्रार पोलिसांकडे नोंदली गेली आणि सीएसटीच्या आकड्यात आली नाही, असं होऊ शकतं. यावर चिडून उपयोग नाही. दोन वह्या दोन कामांसाठी आहेत.

इस्रायलवरच्या टीकेचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, तर त्याचंही सांगून टाकू. इस्रायल सरकारविरुद्धचा मोर्चा किंवा घोषणा आपोआप वहीत जात नाही. तीच घोषणा सिनेगॉगमधून मुलांना घेऊन निघालेल्या अनोळखी कुटुंबावर गाडीतून ओरडली, तर मात्र जाते, कारण तिथे माणूस निवडला गेला तो ज्यू दिसतो म्हणून. सीमारेषेवरच्या नोंदींबद्दल वाद होतात आणि होत राहतील, ज्यू समाजातही त्यावर एकमत नाही. तरी अमेरिकेत ज्यूद्वेषी घटना मोजणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. तिने ७ ऑक्टोबर २०२३च्या इस्रायलवरच्या हमासच्या हल्ल्यानंतर आपल्या मोजणीत झायोनिझमविरोधी, म्हणजे ज्यू राष्ट्राच्या कल्पनेविरुद्धच्या, घोषणा असलेले काही मोर्चेही धरले आणि त्यावरून तिच्यावर बरीच टीका झाली. सीएसटीचा निकष त्या मानाने घट्ट राहिला.

वहीत सहा रकाने आहेत: जीवघेणा हल्ला, मारहाण, मालमत्तेचं नुकसान किंवा विटंबना, धमकी, अपशब्द आणि अपमानास्पद वर्तन, आणि छापील प्रचारसाहित्य. अहवाल वाचणारे घोटाळा करतात तो इथेच. सिनेगॉगच्या भिंतीवर नाझींचं स्वस्तिक रंगवलं तर ते तिसऱ्या रकान्यात जातं, आणि तेच स्वस्तिक बसथांब्यावर असेल तर पाचव्या, कारण बसथांबा ज्यूंच्या मालकीचा नाही. दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, उपटला तर ती विटंबना. अंडं फेकलं आणि नेम चुकला, तरी ती मारहाणच. आडून दिलेला इशारा धमकीत बसत नाही, थेट धमकी हवी. एकट्या माणसाला आलेलं शिवीगाळीचं पत्र पाचव्या रकान्यात, शेकडो घरांत टाकलेलं पत्रक सहाव्यात.

२०२४ साली वहीत ३,५२८ घटना होत्या. त्यात जीवघेणा हल्ला १, मारहाण २०१, नुकसान आणि विटंबना १५७, धमक्या २५०, अपमानास्पद वर्तन २,८९२ आणि प्रचारसाहित्य २७. म्हणजे दहातल्या आठ घटना पाचव्या रकान्यातल्या. 'ज्यूंवर साडेतीन हजार हल्ले' असा मथळा दिसला तर बातमीदाराने तक्ता उघडलाच नाही असं खुशाल समजावं. दुसऱ्या बाजूने, 'नुसत्या शिव्याच आहेत' म्हणून हात झटकणाऱ्यांनी मारहाणीचा आकडा पाहावा: आठवड्याला सुमारे चार.

ऑनलाइन घटनांचा नियम आणखी कडक आहे. संस्था सोशल मीडियावर स्वतः जाळं टाकून मासे मोजत नाही. कोणीतरी तक्रार केली, आणि लिहिणारा किंवा ज्याला लिहिलं तो ब्रिटनमधला असला, तरच नोंद होते. एकाच माणसावर शेकडो संदेशांचा मारा झाला तरी त्या मोहिमेची घटना एकच धरतात. म्हणून २०२४च्या १,२४० ऑनलाइन नोंदींवरून इंटरनेटवरच्या ज्यूद्वेषाचं माप काढू नये. ते माप घेण्यासाठी ही पट्टी नाहीच.

आता तक्रार कशी करायची. चालू हल्ला असेल तर आधी ९९९ हा तातडीचा क्रमांक, सीएसटीचा फोन त्यानंतर. हा क्रम संस्था स्वतःच सांगते, तरी लोक उलटा धरतात, आणि पोलिसांची गाडी तेवढ्या वेळाने उशिरा निघते. प्रसंग टळून गेला असेल तर पोलिसांचा बिनतातडीचा क्रमांक १०१, आणि सीएसटीला फोन किंवा वेबसाइटवरचा अर्ज. पोलिसांकडे नाव द्यायचं नसेल तर तसं सांगता येतं. निनावी माहिती पुढे पाठवण्याची सोय आहे. मात्र नाव नाही म्हणजे साक्षीदार नाही, आणि साक्षीदारावाचून खटला बहुधा उभा राहत नाही. निनावी तक्रारीचा उपयोग गस्त वाढवायला होतो, शिक्षा व्हायला क्वचितच.

पुरावा सगळ्यात जास्त वाया जातो तो घाईने नाहीतर आळसाने. भिंतीवरचं लिखाण शरमेपोटी लगेच पुसलं जातं. आधी फोटो काढा: एक जवळून, आणि एक लांबून, इमारत ओळखू येईल असा. पोस्टची तक्रार प्लॅटफॉर्मकडे करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ आणि पोस्टची पूर्ण लिंक आलीच पाहिजे. प्लॅटफॉर्मने पोस्ट काढून टाकली की नुसत्या मजकुराचा कापलेला फोटो फारसा कामाचा राहत नाही. शिवीला उत्तर देऊ नका; उत्तरामुळे पुढे 'दोघांचं भांडण होतं' असा बचाव मिळतो. संशयास्पद पाकीट आलं तर हलवू नका, हुंगू नका, खोली रिकामी करा. बसमधला प्रसंग असेल तर मार्ग क्रमांक, चढल्याची वेळ आणि दिशा लिहून ठेवा, कारण कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक मुदतीनंतर पुसलं जातं आणि ते जपून ठेवण्याची मागणी त्याआधी जावी लागते. कायद्याचंही घड्याळ चालू असतं. फक्त मॅजिस्ट्रेट कोर्टात चालणाऱ्या किरकोळ गुन्ह्यांत साधारणपणे सहा महिन्यांच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. 'जरा सावरून मग सांगू' म्हणता म्हणता तेवढे महिने सहज निघून जातात.

फोननंतर काय? इथे अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. सीएसटीला अटकेचा अधिकार नाही, फिर्याद चालवणं तिच्या हातात नाही. ती धीर देते, पोलिसांशी दुवा राखते, माहिती पुढे पोचवते. त्यापुढची गती पोलीस आणि सरकारी वकिलांची.

कायद्यातला एक बारकावा ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना थेट लागू पडतो. ज्यू आणि शीख यांना तिथले कायदे वांशिक गटही मानतात. शिखांबाबत १९८३चा मांडला खटल्याचा निकाल प्रसिद्ध आहे. वांशिक द्वेष भडकवण्याच्या गुन्ह्यात धमकीवजा शब्दांबरोबर शिवराळ आणि अपमानकारक शब्दही येतात, आणि द्वेष भडकण्याची शक्यता दाखवली तरी पुरतं. मुस्लिम किंवा हिंदू यांच्याविरुद्धचा धार्मिक द्वेष २००६च्या कायद्यात येतो. तिथे शब्द धमकीचेच लागतात आणि हेतूही सिद्ध करावा लागतो. त्यामुळे सीएसटीच्या एखाद्या तक्रारीवर खटला झाला म्हणून तशाच शब्दांत मंदिराविरुद्ध लिहिणाऱ्यावर होईलच, असं धरून चालू नये.

सुरक्षेचं काम बाहेरून दिसत नाही, पण पैसा तिथे जास्त लागतो. २०१५पासून ब्रिटनचं गृहखातं ज्यू शाळा आणि सिनेगॉग यांच्या पहाऱ्यासाठी अनुदान देतं आणि त्याचं वाटप सीएसटी सांभाळते. फेब्रुवारी २०२४मध्ये २०२८पर्यंत एकूण ७ कोटी पाउंड जाहीर झाले. संस्थेची बाकीची कामं मुख्यतः देणग्यांवर चालतात. इमारतीसाठी मिळणारा सल्ला अगदी साधा असतो, आणि म्हणूनच चांगला. काचांना आतून फिल्म लावा, कारण स्फोटात बऱ्याच जखमा उडालेल्या काचांनीच होतात. दार आतून एका झटक्यात बंद झालं पाहिजे. प्रार्थना संपल्यावर फुटपाथवर घोळक्याने गप्पा मारू नका. हा शेवटचा नियम लोक सगळ्यात जास्त मोडतात, आणि मोडणारच. गप्पांवाचून कसली प्रार्थनासभा?

दाराचं महत्त्व जर्मनीतल्या हाले शहराने ९ ऑक्टोबर २०१९ रोजी दाखवलं. योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपासाच्या दिवशी बंदूकधाऱ्याला सिनेगॉगचं बंद लाकडी दार फोडता आलं नाही आणि आतले वाचले. बाहेर मात्र दोघांचा जीव गेला. २ ऑक्टोबर २०२५ला, पुन्हा योम किप्पूरलाच, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्लेखोराने गाडी घातली आणि चाकू चालवला. आतल्यांनी दार धरून ठेवलं, तो आत शिरू शकला नाही. तिथेही भाविकांपैकी दोघे मरण पावले, त्यातला एक पोलिसांच्या गोळीने. दार आतल्यांना वाचवतं. बाहेर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याचं काय, याला कुठल्याच सल्ल्यात पुरेसं उत्तर नाही.

इतरांसाठी काय आहे? 'सेफ' नावाच्या उपक्रमात सीएसटी आपलं सुरक्षेचं ज्ञान इतर धर्मांच्या आणि दुर्बल गटांच्या संस्थांना मोफत शिकवते. मशिदी, गुरुद्वारे, मंदिरं, कोणीही विचारावं. मुस्लिमद्वेषाची नोंद ठेवणारी टेल मामा ही संस्था २०१२ साली उभी राहिली, तेव्हाही सीएसटीच्या अनुभवाचा तिला उपयोग झाला. शाळांत 'स्टँड अप' हा कार्यक्रम चालतो. त्यात ज्यू आणि मुस्लिम प्रशिक्षक जोडीने वर्ग घेतात आणि वंशद्वेष, ज्यूद्वेष, मुस्लिमद्वेष हे विषय एकत्र मांडतात. कल्पना उत्तम. पण एका तासाच्या वर्गाने मुलाचं मत बदलेल असं समजणं भाबडेपणाचं. शाळेने पुढे स्वतः काही केलं नाही तर भिंतीवर एक पोस्टर उरतं. तक्रारीच्या बाबतीत मात्र सीएसटी ज्यूद्वेषापुरतीच आहे. इतर वंशद्वेषासाठी पोलिसांचं ट्रू व्हिजन हे संकेतस्थळ आहे. लंडनच्या स्टॅमफर्ड हिलमध्ये हरेदी, म्हणजे कट्टर परंपरानिष्ठ, ज्यू बऱ्याचदा आपल्या शोमरिम या गस्ती गटाकडे आधी जातात, हेही लक्षात ठेवावं.

सेवेची मोठी मर्यादा तिच्या हाताबाहेरची आहे. लोक सांगतच नाहीत. ब्रिटनसह १२ देशांत झालेल्या युरोपीय संघाच्या २०१८च्या पाहणीत, ज्यूद्वेषी छळ सोसलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी सगळ्यात गंभीर प्रसंगही पोलिसांना किंवा कुठल्या संस्थेला कळवला नव्हता. त्यामुळे वर्षाचा आकडा चढला तर द्वेष वाढला, की सांगणारे वाढले, की दोन्ही, हे आकड्यावरून पूर्ण उलगडत नाही. शिवाय २०२४च्या घटनांपैकी १,८४७ ग्रेटर लंडनच्या आणि ४८० ग्रेटर मँचेस्टरच्या. ज्यू वस्तीच तिथे दाट आहे, म्हणून इतर गावं सुरक्षित असा अर्थ काढू नये.

आकडे वापरणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. गृहखात्याने मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात ज्यूंविरुद्धचे ३,२८२ धर्मद्वेषी गुन्हे मोजले. ते फक्त गुन्हे, फक्त इंग्लंड-वेल्समधले, आणि वर्षही एप्रिल ते मार्च. सीएसटीची वही जानेवारी ते डिसेंबरची, पूर्ण ब्रिटनची, आणि गुन्हा न ठरणाऱ्या घटनाही धरणारी. दोन्हींची बेरीज करू नये, एकाने दुसरा खोटाही पाडू नये. आणि जुन्या वर्षाचा आकडा नेहमी ताज्या अहवालातून घ्यावा: २०२३चा अहवाल निघाला तेव्हा ४,१०३ होते, उशिरा आलेल्या तक्रारी धरून पुढच्या अहवालात ते ४,२९६ झाले.