डबा ओळखीचा, आत डुप्लिकेट ब्रेक पॅड

14,800 रुपये मोजून मी माझ्या गाडीच्या ब्रेकच्या धडधाकट डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) काढून दिल्या आणि त्या जागी खोटा माल बसवून घेतला. हे कळलं ते आंबेनळी घाटात, गाडीत नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा असताना. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं, कारण ज्या पद्धतीनं मला फसवलं गेलं ती कुणाच्याही बाबतीत सहज चालेल अशी आहे.

पुण्याहून साताऱ्याला येताना हायवेवर जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. दिवाळी तोंडावर आली होती, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर लागत नव्हता, म्हणून ओळखीतून साताऱ्यातल्याच एका गॅरेजमध्ये गेले. मालकानं पुढची दोन्ही चाकं काढली, डिस्कवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, डिस्क गेल्यात. वाकल्यात. ह्या गाडीनं घाट उतरू नका." मग आतून नावाजलेल्या कंपनीच्या डब्यातले 'सिरॅमिक' पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरून चाक थांबवणारे तुकडे, आणले, आणि सोबत भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्कची जोडी. "रेसच्या गाड्यांना असतात ह्या. भोकांतून हवा खेळते, ब्रेक तापतच नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवते. हवा खेळली की उष्णता जाते, हे ऐकून मलाही पटलं. त्यानं व्हर्नियर लावून जाडी मोजली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी गाडी घेताना जुन्या डिस्क मागितल्या, तर "भंगारवाला घेऊन गेला" असं उत्तर मिळालं. बिल साध्या कागदावर, 'ब्रेक वर्क 14,800' एवढंच. ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर. घाई होती, मी पैसे देऊन निघाले.

दापोलीला जायचं होतं. सातारा, मेढा, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळीनं पोलादपूर. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटरवर, पोलादपूर पार तळाला, मधलं अंतर साधारण 40 किलोमीटर. माणसं आणि सामान धरून 1,200 किलोची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यावर 45 लिटर गार पाण्याला उकळी येईल. त्यातलं काही इंजिन खातं, काही वारा खातो, उरलेली सगळी पॅड आणि डिस्कला पचवावी लागते. हे गणित मी नंतर घरी बसून मांडलं. बसवून घेण्याआधी मांडलं असतं तर ब्रेकच्या बाबतीत 'स्वस्तात देतो' हे शब्द मी ऐकूनही घेतले नसते.

मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होते. कुंभरोशी मागे पडलं आणि थोड्या वेळानं गाडीत जळका वास यायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, कायतरी जळतंय." पुढच्या वळणावर ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट होतं, पण गाडीचा वेग उतरेना. दोन्ही पाय दाबले तरी तेच. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर पेडल मऊ पडून तळाला गेलं असतं. इथे पेडल जागच्या जागी होतं आणि पॅड डिस्कला धरतच नव्हते. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत नेला आणि डोंगराकडच्या चरीत चाक घातलं. टायर फुटला, बंपर खरवडला, गाडी थांबली. सासूबाईंनी मुलाला इतकं घट्ट धरलं होतं की त्याच्या दंडावर बोटं उमटली होती.

पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता. नवरा पाण्याची बाटली घेऊन धावला, तेवढ्यात मागून आलेल्या वडापच्या जीपचा ड्रायव्हर ओरडला, "पाणी ओतू नका! डिस्क तडकंल!" त्यानंच स्टेपनी बसवायला मदत केली आणि ब्रेक गार झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या जीपच्या मागे मागे आम्हाला पोलादपुरात एका मिस्त्रींकडे आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत.

त्या वयस्कर मिस्त्रींनी पॅड काढून माझ्या हातावर ठेवला. एक कोपरा लोखंडी पाटीपासून सुटला होता. नखानं उचकटला तर पॅडचा आख्खा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा वर आला आणि खाली गंज दिसला, म्हणजे गंजलेल्या पाटीवरच माल चिकटवलेला. कडेला बोट घासलं की काळी भुकटी पडत होती. पाटीच्या मागे नंबर नाही, बॅच नाही, फक्त एक स्टिकर. मग त्यांनी डिस्कवर बॅटरी मारली. जवळजवळ प्रत्येक भोकाच्या कडेतून केसासारखी चीर निघाली होती. "पोरी, बिडाला अशी भोकं पाडली की तापून-थंडावून तडा तिथूनच जातो. तुझ्या गाडीला साधी डिस्कच लागते, मध्ये हवेला वाट असलेली. ती कंपनीनं दिलीच होती की."

मग थरथर कशानं होत होती? डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसली, किंवा हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, गंज धरून डिस्क किंचित तिरकी बसली, तरी स्टिअरिंग हलतं. बऱ्याचदा हब घासून साफ करणं किंवा डिस्क लेथवर सारखी करून घेणं पुरतं, जाडी शिल्लक असेल तर. माझ्या गाडीत ती होती. घरी आल्यावर चार महिन्यांपूर्वीचा सर्व्हिसचा कागद काढला, त्यावर लिहिलं होतं: पुढच्या डिस्क 19.2 मिलिमीटर. माझ्या गाडीची मर्यादा 18 आहे. हा किमान आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. 'डिस्क गेली' असं कुणी म्हणालं, तर व्हर्नियर लावून तो आकडा तुमच्यासमोर वाचायला सांगा. माझी फसवणूक तिथेच थांबली असती.

पॅडचंही तसंच. डब्यावर जाऊ नका, डबा छापणं सगळ्यात सोपं असतं. पॅड हातात घेऊन पाटीवरचा पार्ट नंबर डब्यावरच्या नंबराशी ताडून बघा. बऱ्याच पॅडवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं खूप तापल्यावर किती. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर. तापल्यावरचं अक्षर खाली उतरत असेल तर तो पॅड घाटाला नको. 'सिरॅमिक', 'स्पोर्ट्स' ह्या शब्दांवरून यातलं काहीच कळत नाही. आणि पॅड बदलताना ब्रेक ऑइल किती जुनं आहे तेही विचारा. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर ही हमी 155 वर येते.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी महाडहून साधे ओरिजिनल पॅड आणि डिस्क मागवून बसवल्या. पक्कं बिल दिलं, आणि काढलेला माल न मागता पिशवीत भरून दिला. मग 60 च्या वेगावरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा हलक्या पायानं ब्रेक मारायला लावले, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात. साताऱ्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पिशवी घेऊन गॅरेजवर गेले, तर मालक म्हणाला, "ताई, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला असणार." डब्यावर ज्या कंपनीचं नाव होतं तिला फोटो पाठवले, तो माल त्यांचा नाही असं त्यांनी लेखी कळवलं. ते पत्र, पोलादपूरचं बिल आणि सर्व्हिसचा कागद जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची आहे. माझी बाजू लंगडी पडते ती एकाच ठिकाणी: तो बिननंबरचा चिटोरा.

साताऱ्यात किंवा आसपास अलीकडे कुणी भोकांच्या डिस्क आणि 'सिरॅमिक' पॅड असे जोडीनं बसवून घेतले असतील, तर पुढचा घाट उतरण्याआधी कृपा करून चाक काढून बघा. भोकांच्या कडेला बॅटरी मारा, पॅडची पाटी उलटून बघा.