टायमिंग बेल्ट तुटल्यानंतर पूर्ण संच बदलला : काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा दातेरी पट्टा) बदलायचा असेल तेव्हा टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला दिशा देणारी पुली) आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलून घ्यावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. माझी 1.5 लिटरची डिझेल गाडी जुनी घेतलेली असून बेल्ट नुकताच बदलल्याची पावती तिच्यासोबत मिळाली होती, मात्र त्या पावतीवर केवळ बेल्टचीच नोंद होती. सकाळी इंजिन थंड असताना पुलीच्या बाजूने बारीक घरघर येत असे. ती एका गॅरेजला ऐकवली, तेव्हा डिझेलचा आवाज असाच असतो, असे उत्तर मिळाले.

पुढे मुंबईहून नाशिकला येताना वाडीवऱ्ह्याजवळ इंजिन एकाएकी बंद पडले आणि गाडी टो करून अंबडच्या गॅरेजमध्ये आणावी लागली. कव्हर काढल्यावर दिसले, की बेल्टचे रबर चांगले होते, त्यावर भेगही नव्हती. पण एका कडेचे धागे सुटून आले होते आणि वीतभर भागातले दाते मुळासकट उडाले होते. टेन्शनरची पुली बोटाने फिरवली तर खरखरत अडकत होती. बेल्ट नवा आणि बेअरिंग जुने, हेच या बिघाडाचे मूळ होते.

या प्रकारच्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते असे उडाले की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागीच थांबतो, क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) मात्र वेगामुळे फिरत राहतो आणि वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणूनच अशा वेळी पुन्हा स्टार्टर मारून पाहू नये. मेकॅनिकने हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून त्यातल्या पोर्टांत, म्हणजे हवेच्या वाटांत, रॉकेल ओतले, तेव्हा काही व्हॉल्व्हच्या कडेने ते लगेच झिरपले. वाकलेले व्हॉल्व्ह बदलून हेड तपासून घ्यावे लागले, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच गेला. बेल्टचा संच त्या मानाने फारच स्वस्त होता.

जोडणीचे काम मी शेजारी उभे राहून पाहिले आणि ते मला मनापासून आवडले. जुनी जागा दाखवणाऱ्या व्हाइटनरच्या खुणांवर न विसंबता मेकॅनिकने क्रँक आणि कॅम लॉकिंग पिनांनी पक्के केले, बेल्ट चढवून ताण दिला, पिना काढून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवले (क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो) आणि पिना पुन्हा बसतात का, हे तपासले. क्रँक पुलीचा बोल्टही त्याने नवा घातला.

त्यानंतर नाशिकचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ, कसारा घाट आणि नाशिकच्या द्वारका चौकातली रोजची कोंडी यांत गाडीने कुठेही कुरकुर केली नाही. सकाळची घरघर पूर्ण थांबली आहे, कूलंटची पातळी हललेली नाही आणि अ‍ॅव्हरेज पूर्वीइतकेच आहे. बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटखाली चिकटवून ठेवले आहेत, कारण गाडी कमी चालली तरी रबराचे वय वाढतच असते. मॅन्युअलमधील किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जे आधी भरेल, तेव्हा हा सगळा संच पुन्हा बदलणार आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी पावतीवर बेल्टसोबत टेन्शनरचे नाव आहे का, हे आवर्जून पाहावे आणि नसेल तर आधी कव्हर उघडून घ्यावे.