वाईत उतरावं की घाट चढून पाचगणी गाठावी?

स्वारगेटहून निघालेली महाबळेश्वरची एसटी वाई स्थानकात थोडा वेळ थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर चहा घेतात, चार प्रवासी उतरतात, सहा चढतात आणि गाडी पसरणीच्या घाटाला लागते. वरच्या वळणांवरून खाली सगळी वाई दिसते. कृष्णेकाठची कौलं, देवळांचे कळस, एका अंगाला धोम धरणाचं पाणी, समोर पांडवगड. पर्यटकांची वाई बहुधा तेवढ्यावर आटोपते. माझीही बरीच वर्षं तशीच आटोपत होती. मग एका शनिवारी वर पाचगणीत खोलीच मिळेना, म्हणून नाइलाजाने खाली येऊन एका साध्या लॉजवर पाठ टेकली. तेव्हापासून मी उलटं करतो. झोपायला वाई, फिरायला वर. घरच्यांना ते दर वेळी पटतं असं नाही आणि त्यांचंही काही चुकत नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

अंतर फार नाही. वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, महाबळेश्वर साधारण ३२. फरक आहे तो उंचीचा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० वर. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी वर चार-पाच अंश तरी कमी. पंख्याखाली घामाने निथळत पडायचं की खिडकी उघडून झोपायचं, हा फरक त्या चार-पाच अंशांत असतो. लहान मूल किंवा उन्हाचा त्रास होणारं कुणी सोबत असेल आणि महिना एप्रिल-मेचा असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. वरच राहा.

बाकीच्यांनी ठरवायचं ते एवढंच, की आपल्याला सकाळ कुठली हवी. टेबललँड, पारसी पॉइंट, मॅप्रोची गर्दी, महाबळेश्वरची बाजारपेठ हे सगळं सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात बघून होतं. त्यासाठी तिथे झोपावं लागत नाही. वाईचं नेमकं उलट आहे. भर दुपारी बाराला नदीच्या घाटावर गेलात तर तापलेला दगड, उभ्या केलेल्या मोटारसायकली आणि ‘हेच का ते?’ असा चेहरा घेऊन परत याल. वाई खरी असते ती सकाळी साडेसहा ते आठ आणि मग दिवेलागणीला. ती वेळ मिळते गावात झोपलेल्यालाच.

सकाळी ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूने घाटावर उतरा. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं म्हणून. देवळात समोरून जाणाऱ्याला हे कळतही नाही. पलीकडे काशी विश्वेश्वर, आणि नदीच्या कडेकडेने एकेका आळीचा आपापला घाट: मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. रास्त्यांच्या घरातल्याच गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी झाल्या, तेव्हा पेशविणीचं माहेर म्हणून या गावाची ऐट काय असेल ते दगडाच्या कामावरून कळतं. एक मात्र आधीच सांगतो. उन्हाळ्यात पात्र उथळ होतं, पाणी हिरवट दिसतं. कृष्णेत डुबकी मारायच्या मनसुब्याने येऊ नका.

नाश्ता करून मेणवलीला जायचं. रिक्षाने तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, खाली नदीवर घाट आणि तिथल्या देवळाजवळची ती घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातलीच ही एक. बाळ येशूला घेतलेली मेरी तिच्यावर अजून दिसते. नऊ वाजेपर्यंत तिथे निवांतपणा असतो. अर्थात शूटिंग नसेल तर. सिनेमा-मालिकांच्या युनिटला हा घाट फार आवडतो आणि मोठं युनिट आलं की वाईतल्या लॉजच्या खोल्याही झटक्यात भरतात, एवढं लक्षात ठेवून आधी फोन करावा.

आता लॉज. ‘साधं’ हा शब्द इथे शब्दशः घ्या. एक पलंग, गादी जरा कडक, भिंतीला हुक, प्लॅस्टिकची बादली-मग आणि बऱ्याच ठिकाणी भारतीय बैठकीचा संडास. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेत. सोलर असेल तर वरच्या मजल्यावरचे लवकर उठणारे ते संपवून टाकतात. एकदा मी आठला उठलो आणि नळाने नुसता सुस्कारा सोडला. मालक म्हणाले, ‘दादा, साडेसहाला उठायचं ना.’ बादलीभर पाणी चुलीवर तापवून दिलं त्यांनी, पैसे घेतले नाहीत, पण सल्ला दिलाच. डास आहेत, नदीकाठ म्हटल्यावर असणारच. कॉइल किंवा मलम सोबत ठेवा. खोलीला स्वतःचं कुलूप लावलेलं बरं. आधारकार्डाची झेरॉक्स जवळ असू द्या, नाहीतर रात्री दुकान शोधत फिरावं लागतं.

गावातही दोन प्रकार आहेत आणि इथेच लोक चुकतात. एसटी स्थानकाच्या आसपासचे लॉज सोयीचे. रात्री उशिरा पोचलात तरी दार उघडं, समोर चहा, पहाटेची गाडी गाठायला चालत दोन मिनिटं. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे संध्याकाळी सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. दुपारी बाराच्या चेकआउटपेक्षा हे कितीतरी बरं, पण खोली घेताना विचारून घ्या. रस्त्याकडची खोली मात्र टाळा. हॉर्न, स्थानकातली घोषणा आणि रात्री कुत्र्यांची सभा. जुन्या आळ्यांमधली घरगुती सोय शांत असते, घाट पायाशी, कधी घरचं जेवणही मिळतं. पण बोळ अरुंद. मोठी गाडी घेऊन आलात तर ती कुठेतरी लांब उभी करून सामान हातात घेऊन यायचं. आणि घरगुती म्हटलं की दहानंतर दार वाजवणं शोभत नाही. एकटा किंवा दुकटा, एसटीने येणारा असेल तर मी स्थानकाजवळ सुचवतो. आई-वडिलांना घेऊन दोन रात्री राहायचं असेल तर आळीत, पण तळमजल्यावर. जुन्या घरांचे जिने गुडघ्यांचा अंत पाहतात.

जेवायला लॉजवर काही मिळणार नाही आणि ते उत्तमच. खानावळीत पिठलं-भाकरी, झुणका, आमटी-भात. पाचगणीत पंजाबी-चायनीज-गुजराती थाळी अशा सगळ्यांना खूश ठेवणाऱ्या मेन्यूची जी लढाई चालते, ती इथे नाही. मुलांना पिझ्झाच हवा असेल तर मात्र वर जा.

पैशांचं गणित सरळ आहे. सीझनमधल्या शनिवारी पाचगणीत बऱ्यापैकी हॉटेलची एक रात्र घ्याल, तेवढ्यात वाईच्या लॉजवर दोन, कधी तीन रात्री निघतात. शिवाय वर जायला एसटी आहेच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आई-मावशीला घेऊन चार वेळा घाट चढलो-उतरलो तरी खिशाला कळलं नाही. स्वतःची गाडी असेल तर बचत थोडी घटते. पेट्रोल, वरच्या नाक्यांवरचा प्रवासी कर, पार्किंग. आणि पसरणी घाटातली रांग. लाँग वीकेंडच्या शनिवारी दहानंतर चढायला आणि रविवारी दुपारनंतर उतरायला लागलात तर बारा किलोमीटरला दीड तासही मोडतो. वाईला राहून हा त्रास होतोच, फक्त तो चुकवता येतो. सकाळी सातला निघालं की घाट मोकळा, आणि इतर लोक वर चढत असताना आपण खाली जेवायला परत.

वर राहण्याची खरी कारणं दोन-तीनच आहेत, पण ती पक्की आहेत. पहिलं, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट. सूर्योदय तिथलाच बघायचा असेल तर वाईहून पहाटे साडेचारला निघणं हा वेडेपणा आहे. दुसरं, प्रतापगड. महाबळेश्वरहून तो वीसेक किलोमीटरवर आहे. वाईहून गेलात तर आधी पसरणी चढा, मग आंबेनळी उतरा आणि संध्याकाळी तेच उलटं. १६५९ साली अफझलखानानेही तळ वाईलाच टाकला होता. वाईचा सुभा पूर्वी त्याच्याकडेच असल्यामुळे मुलूख ओळखीचा. तिथून प्रतापगडाच्या पायथ्याशी जाऊन त्याचं काय झालं ते ठाऊकच आहे. तुमचं तसं होणार नाही, पण कंबर मात्र नक्की धरेल. तिसरं कारण स्ट्रॉबेरीचं. डिसेंबर ते मार्चमध्ये शेतात जाऊन निवांत फिरायचं असेल तर वरचा मुक्काम सोयीचा. ‘व्हॅली व्ह्यू’ हे कारण मात्र मी धरत नाही. त्या नावाखाली एका रात्रीचे जास्तीचे पैसे मोजून मी सकाळभर खिडकीला चिकटलेलं पांढरं धुकं पाहिलं आहे.

तिसरा पर्याय हल्ली बराच ऐकू येतो: धोमच्या जलाशयाकडची शेतघरं आणि कृषी पर्यटन. पाण्याकाठी तंबू, चुलीवरचं जेवण, रात्री चांदणं. पाच-सहा कुटुंबांनी मिळून जायचं असेल तर वाई आणि पाचगणी या दोन्हींपेक्षा सरस, कारण मुलांना हुंदडायला जागा आहे आणि कुणाच्या झोपेची काळजी नाही. धोमचं नृसिंहाचं देऊळ आणि पाण्याच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी जवळच. पण स्वतःचं वाहन नसेल तर तिथे अडकून पडाल, दर माणशी जेवणासकट लावतात म्हणून दोघांसाठी स्वस्तही पडत नाही, आणि शनिवारी शेजारच्या ग्रुपचा स्पीकर तुमच्या नशिबावर.

राहता राहिला महिना. जुलै-ऑगस्टमध्ये मी डोळे मिटून वाई म्हणतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि बहुतेक सगळा या दिवसांत. तीस किलोमीटर पूर्वेला, डोंगराच्या पाठीशी असलेल्या वाईत मात्र सरी येतात आणि जातात. वर चादरी ओल्या, कपडे वाळत नाहीत, पॉइंटवर हाताचा पंजा दिसत नाही. खाली नदी भरून घाटाच्या पायऱ्या गिळत असते. एखादा दिवस वर जाऊन धुकं अनुभवावं, भिजावं आणि कोरड्या खोलीत परत यावं. ऑक्टोबर ते जानेवारी दोन्हीकडे छान, तेव्हा खिसा बघून ठरवा. माघापासून वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकेका घाटावर आळीपाळीने देवी बसते, कीर्तन होतं, प्रसादाची पंगत पडते. त्या दिवसांत वर राहून वाई ‘करून येणं’ म्हणजे लग्नाला जाऊन फक्त पार्किंग बघून येणं. मे महिन्यात दिवसाचा उकाडा सोसायची तयारी असेल तर संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला ऐकायला मिळते. मराठी विश्वकोश जिथे बसून रचला गेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जिथे राहिले, त्या गावातले श्रोते व्याख्यात्याला सहज सोडत नाहीत.

पौषातली पौर्णिमा मात्र कॅलेंडरमध्ये बघूनच खोली सांगा. मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा तेव्हा असते. वाईहून वरपर्यंत गाड्यांची रीघ लागते, लॉजमध्ये एका खोलीत आठ-आठ जण उतरलेले असतात आणि दोन रात्री गावात कुणी झोपत नाही. यात्रेलाच जाणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तो आठवडा सोडून पुढचा धरा.