ब्रिजला सीमोर डंकनचा '५९ लावला त्याला दहा महिने झाले

मागच्या गणपतीच्या पंधरा दिवस आधी माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा अडकवतात त्या बाजूला, सीमोर डंकन कंपनीचा '५९ हा पिकअप बसवला (पिकअप म्हणजे तारांखालचं मॅग्नेट आणि त्याभोवतीचे बारीक तारेचे वेढे, त्यातून आवाज अ‍ॅम्पला जातो). त्यानंतर गणपती, नवरात्र, मग लग्नसराई, सगळे कार्यक्रम याच गिटारवर वाजवले, घरची रोजची प्रॅक्टिस वेगळी. मुद्दाम इतके दिवस थांबलो कारण पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा पिकअप गोडच वाटतो, तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

गिटार स्ट्रॅट शेपची, एचएसएस, म्हणजे ब्रिजला हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि मिडल-नेकला सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे; कॉइल म्हणजे तारेचे वेढे). मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे एका गाण्यात क्लीन चॉप्स (स्वच्छ आवाजातले तुटक कॉर्ड), पुढच्या गाण्यात लीड, आणि कित्येकदा एकाच गाण्यात दोन्ही. मूळचा ब्रिज पिकअप सिरॅमिक मॅग्नेटचा, एकदम हॉट. घरी बेडरूममध्ये भारी वाटायचा. स्टेजवर मात्र स्विच चौथ्या पोझिशनवरून (मिडल-नेक एकत्र) ब्रिजला नेला की आवाज धाडकन वर, साउंडवाला घाईघाईने फेडर खाली घेणार, आणि मी परत चॉप्सवर आलो की गिटार गायब. प्रत्येक कार्यक्रमात हेच. आमचे कीबोर्डवाले दादा एकदा म्हणाले, "अरे, तू अंतऱ्याला कुठं जातोस?" मी तिथंच होतो, वाजवतही होतो, पण ऐकूच येत नव्हतं. शिवाय ब्रिजवर व्हॉल्यूम कमी करून क्लीन वाजवायला जावं तर गोधडीतून आल्यासारखा आवाज, आणि अ‍ॅम्पच्या जवळ उभं राहिलं की चीं करून शिट्टी. त्या पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक केलं तरी स्पीकरमधून टकटक यायची, म्हणजे आतल्या तारेचे वेढे सैल, मेण नीट भरलेलं नाही.

मग शोध सुरू केला आणि महिनाभर आकड्यांतच अडकलो. ज्याला विचारावं तो म्हणणार जास्त आउटपुटवाला घे. सीमोर डंकनचाच जेबी १६ किलोओहमच्या वर, '५९ चं ब्रिज मॉडेल ८ च्या आसपास, म्हणजे जेबी दुप्पट जोरात वाजणार असंच मला वाटत होतं. तसं नसतं हो. किलोओहम हा नुसता तारेचा रेझिस्टन्स आहे. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा फुगतो, आणि मॅग्नेट कुठला, गिटारच्या तारांपासून किती लांब, हे त्या आकड्यात येतच नाही. एवढंच काय, तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाने बदलतो, दहा डिग्रीला साधारण चार टक्के, त्यामुळे तोच पिकअप मे महिन्याच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे मल्टिमीटरवर वेगळा दिसतो. एकाच कंपनीचे एकाच घडणीचे दोन पिकअप ताडून बघायला आकडा ठीक आहे, त्यापुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

एका मित्राच्या गिटारला जेबी आहे, ती दोन दिवस घरी आणून वाजवली. लीडला फार सुंदर वाजतो, वरच्या मिड्सना एक गाण्यासारखा सूर आहे, नोट लांब ओढली की मन भरतं. पण माझं दुखणं सिंगल कॉइलशी मेळ न बसण्याचं होतं, आणि त्यावर आणखी जोरदार पिकअप हे औषध नव्हतं. सत्तरच्या दशकात डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला तेव्हाची गरज वेगळी होती, अ‍ॅम्पला गेन कमी, त्याला पुढून ढकलायला पिकअपच तगडा लागायचा. आज साध्या पेडलवर पाहिजे तेवढा गेन मिळतो. मग ती ताकद पिकअपमध्ये कोंबून क्लीन आवाज का घालवायचा?

म्हणून उलट्या दिशेने गेलो, '५९. हमबकर मुळात गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी बनवला, पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ला, सुरुवातीच्या काही वर्षांतल्या पिकअपच्या पोटाला 'पेटंट अप्लाइड फॉर'चं स्टिकर, त्यावरून सगळे त्यांना पीएएफ म्हणतात. '५९ हा त्या जातीचा, अल्निको ५ मॅग्नेट, मध्यम आउटपुट, आणि मेणात पॉटिंग केलेला, म्हणजे वेढ्यांत मेण भरून घट्ट केलेला. मी ट्रेमोलो ब्रिजसाठीचं रुंद मॉडेल घेतलं. घेण्याआधी हे नक्की मोजा: साध्या हमबकरमध्ये पहिल्या पोलपासून (तारेखालचा स्क्रू) सहाव्यापर्यंत ४९ मिमीच्या आसपास अंतर असतं, रुंदवाल्यात ५२-५३. माझ्या ब्रिजवर तारा ५२ वर होत्या.

बसवायचं काम घरीच केलं. सोल्डर, मल्टिमीटर वगैरे तपकीर गल्लीतून आणलं आणि तिथंच एक चूक केली, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न घेतली. लहान टोकांना ती पुरते, पण पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा रेझिस्टर) पाठ म्हणजे धातूचा मोठा तुकडा, सगळी उष्णता पिऊन टाकते, सोल्डर वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि आत धरलेलंच नसतं. गणपतीच्या तिसऱ्या कार्यक्रमात अर्थची तार सुटली, ऐन सोलोत गिटारचा आवाज गेला आणि नुसता भों. लोकांसमोर ते फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ६० वॅटची आणली, पॉटची पाठ सँडपेपरने घासली, परत जोडलं, तेव्हापासून काही नाही.

वायरिंगचं जरा सविस्तर सांगतो कारण इथं सगळ्यांचा गोंधळ होतो. सीमोर डंकनमध्ये काळी तार हॉट, हिरवी आणि उघडी अर्थला, लाल-पांढरी एकमेकांना जोडून टेप. डिमार्झिओत लाल हॉट, हिरवी आणि उघडी अर्थला, काळी-पांढरी जोडायची. एकाचा चार्ट बघून दुसऱ्याचा पिकअप जोडला तर गडबड नक्की. माझं जोडकाम बरोबर होतं तरी दुसऱ्या पोझिशनला, म्हणजे ब्रिज-मिडल एकत्र, आवाज अगदी पातळ, बेसच नाही, टिनच्या डब्यातून आल्यासारखा. ते फेजचं असतं, जुना मिडल पिकअप आणि नवा हमबकर उलटसुलट दिशेने चालतात आणि एकमेकांना खातात. हिरवी-काळी अदलाबदल केली, उघडी तार मात्र अर्थलाच ठेवली, आणि एका झटक्यात पोझिशन भरून आली. चार तारांचा पिकअप घ्यायचा तो यासाठीच.

आता खरी गंमत पॉटची. माझ्या गिटारला २५० के (किलोओहम) चे पॉट आणि सगळे सांगणार हमबकरला ५०० के च पाहिजे. बसवल्यावर पहिल्यांदा ब्रिज खरंच मंद वाटला. पॉट मागवणारच होतो, तेवढ्यात पिकगार्ड उघडून नीट बघितलं तर खालचा टोन पॉट ब्रिजला जोडलेला. म्हणजे पिकअपवर दोन २५० चा भार, समांतर, मिळून १२५ के. ती टोनची तार ब्रिजवरून काढली, फक्त मिडलला ठेवली, आता ब्रिजवर एकट्या व्हॉल्यूमचा भार, २५० के. आणि गिब्सनसारख्या गिटारमध्ये ५०० चा व्हॉल्यूम आणि ५०० चा टोन मिळून तरी किती होतात? २५०च. म्हणजे पॉट न बदलता तेवढीच चमक मिळाली, सिंगल कॉइलही हातचे गेले नाहीत, खर्च शून्य. ब्रिजला टोन नॉब नाही एवढंच, मला त्याची अजून एकदाही गरज पडली नाही.

उंचीला पण वेळ द्या. मी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून स्टीलच्या पट्टीने मोजतो. बऱ्याच प्रयोगांनंतर ब्रिज सहाव्या तारेला अडीच मिमी, पहिल्या तारेला दोन. सिंगल कॉइल जवळपास तीन मिमीवर, त्याहून वर घेतले की मॅग्नेट तार ओढतो आणि जाड तारेवर वरच्या फ्रेटला सूर लहरतो, ट्यूनर पण गोंधळतो. सहा आठवडे हे असं पाव पाव फेरा करत बसलो होतो आणि मला विचाराल तर निम्मा फायदा त्यातूनच झाला.

आता वापरात कसं वाटतं. व्हॉल्यूमचा मेळ बसला, ही सगळ्यात मोठी गोष्ट, चौथ्या पोझिशनवरून ब्रिजला गेलं तर आवाज जाड होतो पण उडी मारत नाही. पेडल चालू ठेवून व्हॉल्यूम सहावर आणला की जवळजवळ क्लीन होतो आणि तरी बोटांचा जोर ऐकू येतो, हळू छेडलं तर हळू, जोरात मारलं तर दात दाखवतो. कॉर्डमधल्या नोटा वेगवेगळ्या ऐकू येतात, डिस्टॉर्शनमध्येसुद्धा. शिट्टी बंद. दादांनी नवरात्रात स्वतःहून विचारलं, "गिटार नवीन घेतलीस का?"

हमचं, म्हणजे विजेच्या लाइनमुळे येणाऱ्या सततच्या घुमण्याचं, सांगायलाच हवं. आपल्याकडे मांडवात जनरेटर, डिमर, एलईडी वॉल, अर्थिंगचा पत्ता नाही, त्यामुळे सिंगल कॉइल गुणगुणतातच. आपली लाइन ५० हर्ट्झ, तिचा दुप्पट सूर १०० हर्ट्झ, आणि सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी येतो ९८ ला. म्हणजे तो हम म्हणजे जरा चढा जी. जी स्केलच्या गाण्यात कसाबसा लपतो, ए फ्लॅटमध्ये कानाला टोचतो. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट्या असल्याने हम आपसात कटतो, माझ्या चौथ्या पोझिशनलाही कटतो कारण मिडल उलट वेढ्याचा आहे. कॉपर टेप पण लावली, तिने ट्यूबलाइटची चरचर गेली, पण ट्रान्सफॉर्मरचा हम टेपने जात नाही, तिथं जागा बदलायची किंवा अंग वळवून उभं राहायचं.

न आवडलेलंही लिहितो. जड मेटल वाजवणाऱ्याला हा कमी पडेल, खालच्या तारा घट्ट राहत नाहीत, पेडलमध्ये बेस कापावा लागतो. पुश-पुल (ओढून चालू होणारा नॉब) लावून कॉइल स्प्लिट, म्हणजे हमबकरची एकच कॉइल चालू ठेवून बघितली, आठातले चार किलोओहम उरतात, साध्या सिंगल कॉइलपेक्षाही कमी, मग काढून टाकलं. आणि हा पिकअप चुका लपवत नाही. पहिले दोन महिने माझं म्यूटिंग (नको त्या तारा हाताने गप्प ठेवणं) किती ढिलं होतं ते रोज कळत होतं, त्यावर बसून काम करावं लागलं.

मिडल आणि नेक अजून मूळचेच आहेत, सध्या तरी बदलायचं कारण दिसत नाही. जुना ब्रिज पिकअप स्क्रू-स्प्रिंगसकट डब्यात ठेवलाय. आता पाऊस सुरू झालाय, मागच्या आठवड्यात उंचीच्या स्क्रूंवर गंजाचे ठिपके दिसले, त्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब लावून ठेवला आणि मापं वहीत लिहून ठेवली, गणपतीआधी परत बघेन.