स्मृतिफलक कोरून घेताना: साताऱ्यातील ग्रॅनाइट कोरीवकाम

पोवई नाका परिसरातल्या या कारखान्यात हिब्रू-मराठी स्मृतिफलकाचं काम नेटकं होतं. तोरा (ज्यू धर्मग्रंथ) अभ्यास आणि लष्करी सेवा जोडणाऱ्या हेस्देर येशिवातल्या, म्हणजे इस्रायलमधल्या अशा धार्मिक विद्यालयातल्या, तरुण सैनिकासाठी फलक करायचा, तर येशिवा आणि पलटण दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत कोरून घ्या. पाच वर्षांच्या त्या क्रमात सेवा साधारण दीड वर्षाची. बाकी काळ अभ्यासाचा. नुसता हुद्दा टाकला तर त्याचं अर्धं आयुष्य गाळल्यासारखं होतं.

काळा ग्रॅनाइट, 18 मिमी जाडी, सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने कोरणं): हेच निवडा. लेझरची अक्षरं उथळ, साताऱ्याच्या पावसात लवकर पुसट दिसतात.

खरी गफलत हिब्रूत होते. उजवीकडून डावीकडे न चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं उलट्या क्रमाने पडतात, म्हणून मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं रेषाकृतींत रूपांतर करूनच द्या. स्टेन्सिल कापल्यावर दालेत-रेश आणि ‘हे’-खेत या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या भिंगाखाली तपासा. दालेतचा मागचा कोपरा गोल झाला की रेश वाचला जातो. तळाशी ताव, नून, त्सादी, बेत आणि ‘हे’ ही पाच अक्षरं, ‘त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो’ या प्रार्थनेची आद्याक्षरं. वर पे-नून (‘इथे दफन आहे’ याची आद्याक्षरं) मात्र नको, ती फक्त कबरीवर.

मराठी जोडाक्षरं इथे उत्तम उतरतात. रंगभरणी कमजोर, ती दोन हातांची मागून घ्या.