साल्सा-बचाटा बिगिनर बॅच, पाचपाखाडी (ठाणे) : पार्टनर नसला तरी जा

ज्या एका प्रश्नापायी मी वर्षभर थांबले त्याचंच उत्तर आधी देते, पार्टनर लागत नाही. साल्सा आणि बचाटा हे दोन्ही जोडीने करायचे लॅटिन नाच असले तरी आमच्या बॅचमध्ये निम्मे लोक एकटेच आलेले. मी आणि नवरा जोडीने गेलो तरी पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सरांनी सगळ्यांना गोलात उभं केलं, आणि मग दर तीन-चार मिनिटांनी 'चेंज' म्हटलं की फॉलोअरने (इशाऱ्यावर नाचणाऱ्याने) पुढच्या लीडरकडे (हाताने इशारा देणाऱ्याकडे) सरकायचं. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, अनोळखी माणसाचा हात धरायचा, पण खरं शिकणं त्यातच आहे. नवऱ्यासोबत करताना आता टर्न येणार हे मला आधीच माहीत असतं, मी आपली फिरून मोकळी होते. समोर दुसरा कोणी असला आणि त्याच्या हातातून इशाराच आला नाही तर मी जागच्या जागी राहते, मग चूक कुठे झाली ते दोघांनाही लगेच कळतं. ज्यांना पार्टनर बदलायचा नाही ते बाजूला जोडीने करतात, त्यांना कोणी आग्रह करत नाही, हेही आवडलं.

हे एवढं सांगतेय कारण दोन वर्षांपूर्वी दिराच्या संगीतसाठी आम्ही दुसरीकडे कपल डान्स शिकलेलो. एकच गाणं, आरशात बघून स्टेप्स पाठ, फी भरपूर. कार्यक्रम छान झाला, पण त्याच रात्री डीजेने दुसरं गाणं लावलं आणि आम्ही दोघं नुसते उभे! इथे गाणं पाठ करायचं नसतंच. बेसिक म्हणजे मूळ पावलं, राइट टर्न म्हणजे उजवीकडे गिरकी, क्रॉस बॉडी लीड म्हणजे लीडरने फॉलोअरला आपल्यासमोरून पलीकडे नेणं, आठ क्लासमध्ये एवढंच झालं, पण तेवढ्यावर कुठल्याही साल्साच्या गाण्यावर, बॅचमधल्या कोणाहीसोबत तीन-चार मिनिटं नीट नाचता येतं.

बचाटा आधी घेतात हे बरं. एक-दोन-तीन बाजूला पावलं आणि चारला टॅप, पहिल्या दिवशी जमतं. सर गाण्याबद्दलही सांगतात, की हे डॉमिनिकन रिपब्लिकचं, एकेकाळी तिथल्या प्रतिष्ठित लोकांनी हलकं म्हणून नाक मुरडलेलं, आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. मला आपली लावणी आठवली. साल्साला मात्र वेळ लागतो. आठ काउंट, पण पाऊल एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात वरच, चार आणि आठला पाय टाकायचा नाही. नवरा लहानपणी तबला शिकलेला, तो म्हणाला कहरव्याच्याच आठ मात्रा आहेत, आणि प्रत्येक मात्रेवर पाय टाकत सुटला. सरांनी त्याला थांबवून दोन गाणी फक्त ऐकायला लावली, टाळी एक आणि पाचवरच द्यायची. तिसऱ्या गाण्याला त्याचा डावा पाय बरोबर एकला पुढे गेला.

पण मला लक्षात राहिलाय तो कागदाचा व्यायाम. समोरासमोर उभं राहायचं, दोघांच्या तळव्यांमध्ये वर्तमानपत्राचा घडी केलेला तुकडा धरायचा आणि तो न पाडता हॉलभर चालायचं. हात सैल सोडला की कागद पडतो, जोरात दाबला की खांदे आखडतात. माझा चार वेळा पडला. मग बॅचमधल्या नौपाड्याच्या एक काकू, साठी ओलांडलेल्या, मला म्हणाल्या, "अगं फुगडी घातली आहेस ना, तसंच आहे, तू ओढायचं नाही, नुसतं मागे तोलायचं, समोरची तुला धरतेच." त्या वाक्याने माझा हात बदलला. फ्रेम फ्रेम म्हणतात, म्हणजे दोघांच्या हातांतला ना सैल ना ताठ असा आधार, ती ही, फक्त फुगडीत बाहेर तोलायचं आणि इथे कागदावर किंचित आत.

अंगठ्याबद्दलही सर फार कडक आहेत. फिरवताना लीडरने अंगठा दाबून धरायचा नाही, नाहीतर फॉलोअरचं मनगट पिरगळतं. हे पहिल्या दिवशी सांगणारी जागा चांगली, एवढं बघून ठरवलंत तरी चालेल.

आता त्रास. फरशी टाइल्सची आहे, लाकडी नाही, आणि एसी बेताचा, शनिवारी पंधरा-वीस माणसं झाली की घाम निथळतो. नॅपकिन आणि जादाचा टीशर्ट न्याच. जाड रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज नकोत, ते जमिनीला चिकटतात, अंग फिरतं आणि पाय तिथेच राहतो, मग सगळा पीळ गुडघ्याला. माझा गुडघा दुसऱ्या आठवड्यात दुखला तो यामुळेच. सरांनी शूजच्या चवड्यावर जुना मोजा चढवायला सांगितला, गुडघा थांबला. डान्सचे शूज घ्यायची घाई करू नका. पार्किंग नाही, आम्ही स्टेशनवरून चालत जातो. पुरुष जास्त झाले की दोघा-तिघांना एकट्याने बेसिक करत थांबावं लागतं, त्यावर काहीतरी करायला हवं.

फी आठ क्लासचे प्रत्येकी ३००० रुपये, एक ट्रायल फुकट.

पुढच्या महिन्यात मी वरच्या बॅचला जातेय. नवरा परत बिगिनरलाच बसणार आहे, पण या वेळी फॉलोअर म्हणून. टर्न देताना समोरच्याला हातात नेमकं काय जाणवतं ते त्याला कळून घ्यायचंय, आणि सर लगेच हो म्हणाले.